जुन्या हायब्रिडचे कोड मिटवण्याआधी ते लिहून तरी द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

नागपुरात सेकंडहँड हायब्रिड गाड्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या, आता बऱ्याच दिसून राहिल्या. घेणारे माझ्यासारखे नोकरदारच आहेत, पेट्रोल वाचेल म्हणून घेतात. त्यांच्यासाठी हे पत्र, थोडं लांबलं तरी छापा ही विनंती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी सहा वर्षं जुनी एक पेट्रोल हायब्रिड सेडान घेतली. मनीषनगरहून बुटीबोरी, रोजचं जाणं-येणं. उन्हाळा छान गेला, मे महिन्यात भर दुपारी एसी लावूनही काही त्रास नाही. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि एका सकाळी बटन दाबलं तर एबीएस, स्टिअरिंग, ब्रेक, हायब्रिड, सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी चालायला तयार असल्याचा ‘रेडी’ दिवा काही येईना. दहा मिनिटांनी परत दाबलं तर गाडी एकदम ठीक, जसं काही झालंच नाही. मग कधी आठवड्यातून एकदा, कधी दोन दिवस लागोपाठ. एकदा आईला दवाखान्यातून घरी आणताना वर्धा रोडवर चालत्या गाडीत हेच झालं, पॉवर गेली, मागून ट्रकवाले हॉर्न देऊन राहिले आणि आई घाबरून माझा हात धरून बसली. त्या दिवशी ठरवलं की याचा छडा लावायचाच.

पहिल्या गॅरेजमध्ये तीनदा गेलो. दरवेळी स्कॅनर लावला, कोड (बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर नोंदवून ठेवतो तो नंबर) मिटवले, पैसे घेतले आणि ‘परत आलं तर आणा साहेब’ म्हणून पाठवून दिलं. मला नंतर समजलं की गाडीचा कॉम्प्युटर कोडसोबत त्या क्षणाची नोंद पण ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, त्यात स्पीड, इंजिनचं तापमान वगैरे असतं. कोड मिटवला की तीही पुसली जाते. म्हणजे कधी येणारा, कधी न येणारा बिघाड शोधायला जो एक पुरावा असतो तोच तीनदा माझ्या डोळ्यांसमोर पुसला गेला, आणि एकदाही कोणी कोडचा नंबर लिहून दिला नाही. दुसऱ्या गॅरेजनं तर गाडीच्या सीटखाली न पाहताच सांगितलं की हायब्रिड बॅटरी पॅक गेला, दोन लाखांच्या वर खर्च येईल.

शेवटी ऑफिसमधल्या एकानं सक्करदऱ्याच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. काकांनी गाडीला हात लावायच्या आधी मला एक वही घ्यायला लावली. म्हणाले, ‘भाऊ, कधी येते, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, ब्रेकरवर आदळली का, सगळं लिहा, आन् कोड मिटवू नका, मले फोटो पाठवा.’ सहा आठवड्यांत ११ नोंदी झाल्या आणि त्यातल्या ९ पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतरच्या होत्या. फोटोतले बहुतेक कोड ‘यू’ अक्षरानं सुरू होणारे होते, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी संपर्क तुटल्याची तक्रार करून राहिले होते. बॅटरी पॅक खराब झाल्याचा जो कोड असतो, पी०ए८०, तो एकदाही नव्हता. मग दोन लाख कशाचे?

काका म्हणाले, एवढे दिवे एकाच वेळी लागतात म्हणजे एवढे पार्ट एकाच वेळी खराब होत नाहीत, सगळ्यांचा सप्लाय किंवा अर्थिंग जिथून जातं तिथं पाहा. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी असली तरी एक साधी १२ व्होल्टची बॅटरी पण असते, सगळे कॉम्प्युटर आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) तिच्यावरच चालतात. माझ्या गाडीत नेहमीचा स्टार्टर नाही, त्यामुळे ही बॅटरी कमजोर झाली तरी घरघर करून सांगत नाही, थेट विचित्र दिवे लागतात. म्हणून आधी ती तपासली. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, रेडीमध्ये १४ च्या आसपास, म्हणजे बॅटरी चांगली. मग हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावला. तिथं जेमतेम ०.१ व्होल्ट दिसायला पाहिजे, पण वायरिंगचा गठ्ठा हातानं हलवला की आकडा ०.८ वर उडी मारायचा.

मागची सीट काढून कार्पेट उचलला तर खाली सुकलेला बारीक गाळ. अर्थिंगचा बोल्ट गंजलेला, शेजारच्या कनेक्टरमध्ये दोन पिनांवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर. आरसीवर पहिल्या मालकाचा पत्ता नाग नदीजवळचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन त्या भागात किती गाड्या पाण्यात गेल्या ते नागपूरकरांना सांगायला नको. माझी गाडी तेव्हाच बुडाली हे मी कागदावर सिद्ध करू शकत नाही, पण गाडीच्या आत गाळ काही आकाशातून येत नाही. विकताना मला फक्त ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’ सांगितलं होतं.

काकांनी १२ व्होल्टची बॅटरी सोडवून बोल्टखालचा पत्रा घासून चकचकीत केला, वायरच्या टोकाला नवा लग (बोल्टमध्ये बसणारी कडी) बसवला, दोन पिना बदलल्या, कनेक्टरला ग्रीस लावलं. पार्ट आणि मजुरी धरून २,८०० रुपये. नारिंगी रंगाच्या केबलला त्यांनी हातसुद्धा लावला नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे कारण घरीच गाडी उघडून खटपट करणारे बरेच आहेत. त्यात दोनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज राहतो, ते काम प्रशिक्षण असलेल्या माणसाचं.

आता माझी मागणी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मग गाडीत पाणी शिरलं होतं की नाही हे डीलरनं विक्रीच्या कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे? आरटीओनं इथल्या डीलरांना निदान तेवढं तरी करायला लावावं. आणि गॅरेजवाल्यांनी प्रत्येक स्कॅनचे कोड बिलावर लिहावे, मिटवायच्या आधी. घेणाऱ्यांनो, सौदा करायच्या आधी जुन्या मालकाच्या इन्शुरन्स क्लेमची माहिती मागा, मागच्या सीटखालचा कार्पेट उचलून पाहा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर मातीचा डाग आहे का ते पाहा. डीलर कार्पेट उचलू देत नसेल तर तिथून निघून या.

आपला,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर