पाटीवरचे नाव

ब्राँक्स, न्यू यॉर्क

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी पो पार्कमध्ये गेलो होतो. लेखक एडगर ॲलन पो यांचे जुने घर तिथे जपले आहे. मी मात्र गेलो तो बागेलगतच्या रस्त्यावर २०१७ साली लागलेली ‘बिल फिंगर वे’ ही पाटी पाहायला. तुम्ही आणलेल्या बॅटमॅनच्या अंकांवरून आम्ही भावंडे भांडत असू, तेव्हा हे नाव आपल्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते.

फिंगर याच भागात वाढले आणि बूट विकण्याची नोकरी करता करता लिहू लागले. बॉब केन या चित्रकाराने रेखाटलेला पहिला बॅटमॅन लाल कपड्यांतला, डोळ्यांपुरता मुखवटा लावलेला आणि पाठीला ताठ पंख जोडलेला होता. टोकदार कानांचे शिरस्त्राण, पंखांच्या जागी झुलती केप, हातमोजे आणि काळा-करडा वेश हे सारे फिंगर यांनी सुचवले. मे १९३९च्या अंकातली पहिली कथा त्यांचीच; बॅटमॅनचे खरे नाव ब्रूस वेन आणि त्याच्या शहराचे गॉथम, ही नावेही त्यांनीच दिली, आणि गॉथम तर टेलिफोन डिरेक्टरीतल्या एका जवाहिऱ्याच्या नावावरून! करार मात्र केन यांनी एकट्याच्या नावे केला.

फिंगर सावकाश लिहीत, मुदती चुकवत, हे खरे. पण सुचलेल्या कल्पनांची टिपणवही ते कायम बाळगत. १९६५ साली चाहत्यांच्या मेळाव्यात त्यांच्या वाट्याविषयी जाहीर चर्चा झाली, तेव्हा केन यांनी खुले पत्र लिहून तो नाकारला. पुढे १९८९च्या आत्मचरित्रात केन यांना हळहळ वाटली खरी. पण फिंगर १९७४ सालीच, वयाच्या ५९व्या वर्षी गेले होते. मला ती हळहळ फार स्वस्त वाटते. फिंगर यांच्या नातीने हक्क मागितल्यावर, २०१५ साली, निर्माते म्हणून केन यांच्या जोडीला फिंगर यांचे नाव अधिकृतपणे येऊ लागले.

दिवाळीला येताना त्या पहिल्या कथेची पुनर्मुद्रित प्रत आणतो. तिच्यावर केन यांचेच नाव आहे. दुसरे तुम्ही तुमच्या शाईच्या पेनाने खाली लिहा.

काकूंना नमस्कार.

आपला,
सुहास