काकूंकडं जाऊन आलो

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय सागऱ्या,

सुरुवातीला 'अस्सलामु अलैकुम' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, शेवटी कागदच बदलला. वीस वर्षं तुला 'काय लेका' म्हणत आलोय, हात वळेना. तर सलाम घे, आणि 'काय लेका' पण घे.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. कलमा पढून मुसलमान झाल्याला दीड महिना झाला, आता कुठनं सुरू करू, विचारतोस. खरं सांगू? मला उत्तरच सुचेना. मी जन्मानं मुसलमान, म्हणजे सगळं आयतं. पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, तेव्हा पाय कसे मारायचे हे कुणी सांगितलं होतं? ढकलून दिलं. आता तू काठावर उभा राहून पाय कसे मारायचे विचारतोयस आणि मीच गटांगळ्या खातोय. अब्बांना विचारलं, मौलानांना विचारलं, मग हे लिहायला बसलो.

आधी वजू, म्हणजे नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं. परवा फजरला, पहाटेच्या नमाजेला, मशिदीत नळाखाली बसून पहिल्यांदाच स्वतःकडं बघितलं. मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, तोंड, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरनं फिरवायचा तो मसह, मग घोट्यापर्यंत पाय. धुवायचं ते तीन-तीनदा, मसह एकदाच. कुराणात नावानिशी चारच गोष्टी आहेत: तोंड, हात, डोकं, पाय. घाईत एकेकदा धुतलंस तरी चालतं, पण कोरडं काही राहता कामा नये. नवा माणूस कोपरावर चुकतो. शर्टाची बाही अर्धवट सरकवतो आणि टोक कोरडंच राहतं. माझं म्हणशील तर डावी टाच इतकी वर्षं कोरडी राहत असणार, हे मला परवा कळलं. कुणाला सांगू नकोस.

नमाजेची एक पूर्ण फेरी, उभं राहण्यापासून सजद्यापर्यंत, म्हणजे एक रकात. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती मिळून 17. फजर 2, जोहर 4, असर 4, मगरिब 3, इशा 4. यापलीकडच्या सुन्नत-नफिलच्या याद्या तुझ्या मोबाईलवर येऊन पडल्या असतीलच. त्या असू देत तिथंच. आधी ह्या 17 अंगवळणी पाड. प्रत्येक रकातीला फातिहा लागते, कुराणातली पहिली सूरह, सात आयती. ती अजून पाठ नाही म्हणून तू नमाजच सुरू केली नाहीस, हे मात्र चुकलं. मलाही नवीन होतं, मौलानांनी सांगितलं: एक माणूस पैगंबरांकडं हेच गाऱ्हाणं घेऊन आला होता, की मला कुराणातलं काही पाठच होत नाही. त्याला सुबहानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर एवढं म्हणायला सांगितलं. तेवढं तुला येतंय की! आजच्या मगरिबला उभा राहा.

फातिहा देवनागरीत लिहून पाठ करतोयस ते ठीक, पण कुणातरी जाणत्यासमोर म्हणून दाखव. अरबीत 'क' दोन. घशातनं काढलेल्या 'क'चं कल्ब म्हणजे काळीज, आणि आपल्या साध्या 'क'चं कल्ब म्हणजे कुत्रं. वहीत दोन्ही सारखीच दिसणार. 'ह'चंही तसंच.

आणि तू मला फातिहाचा अर्थ विचारलास, तिथं मी अडकलो. घडाघडा म्हणतो, पण अर्थ तुकड्या-तुकड्यानं येतो. त्या रात्री मराठी भाषांतर काढून बसलो. 'आम्हाला सरळ मार्ग दाखव.' हे मी रोज मागतोय, आणि थांबून एकदाही मागितलं नव्हतं.

अजून एक. मागच्या बत्तीस वर्षांच्या नमाजांची कजा, म्हणजे राहिलेल्याची भरपाई, तुझ्यावर नाही. कलम्याआधीचं सगळं माफ. माझ्यावर मात्र आहे लेका, आणि ढिगानं आहे.

रोजा-जकातीचं आत्ता डोक्याला लावून घेऊ नकोस. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडं सरकतो, येईल तेव्हा बघू. जकात म्हणजे सक्तीचं दान, साठलेल्या पैशावर, चांद्रवर्ष उलटल्यावर, अडीच टक्के. तुझं साठलेलं मला माहीत आहे. सुंतेचं लाजत विचारलंस. मौलाना म्हणाले, घाई नाही, आणि करशील तेव्हा डॉक्टरकडं जा. नाव बदलायची सक्ती नाही. सागर म्हणजे समुद्र, त्यात कुणाला काय खटकायचंय? माझंच बघ, समीर. दोन्हीकडचे आपला समजतात, मी कुणाचाच गैरसमज दूर करत नाही.

लोक तुला दुरुस्त करतील. टोपी नाही, पॅन्ट घोट्याखाली, हात इथं नको तिथं बांध. ऐकून घे. कोकणातले बहुतेक शाफई, आपण घाटावरचे बहुतेक हनफी, रीतीभातीच्या दोन परंपरा. दुकानातला माझा पार्टनर रत्नागिरीचा, तो रुकूत, म्हणजे वाकायला, जाताना हात उचलतो, मी उचलत नाही. शेजारी शेजारी उभे राहतो, दोघांची नमाज होते. कुणी आपल्या गटात ओढायला लागला तर चहा पी आणि घरी जा. निदान पहिलं वर्ष.

त्यातलाच कुणी उद्या सांगेल की मोहरमला पीर म्हणून बसवतात ते पंजे दीनमध्ये, म्हणजे धर्मात, बसत नाहीत. आमचे अब्बाही तेच म्हणतात. पण तुझे अण्णा मोहरमला फकीर व्हायचे, आठवतंय? खत्तल रात्रीला मी घरी झोपलेलो आणि तू मला पंजे बघायला ओढत न्यायचास. त्या अण्णांना, पीर बसवणाऱ्या माणसाला, पोरगा मुसलमान झाला हे जड गेलं. मला ह्याचं हसूही येतं आणि पोटात कालवतंही. त्यांना धर्म शिकवायला जाऊ नकोस.

ईदला ये. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर नमाज असते. शाहू महाराजांच्या 1906 सालच्या त्या बोर्डिंगच्या गेटबाहेर तू शीरखुर्म्यासाठी माझी वाट बघत ताटकळायचास. आता आत ये.

खरं लिहायचं होतं ते हे. गुरुवारी शिवाजी पेठेत तुझ्या घरी गेलो. काकू शेंगदाणे भाजत होत्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, झारा फिरवत राहिल्या. मग एकदम, ''आता तो आमच्या घरचं जेवणार का न्हाई?''

मी म्हटलं, जेवणार की. मटण तेवढं हलालचं लागेल.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच खुळा. ''अरे, आमच्या गावच्या जत्रंचं बकरं मुलाण्याच्याच हातनं पडायचं. त्यानं बिस्मिल्ला म्हटल्याबिगर सासरं वाटा घरात घेऊ द्यायचं न्हाईत. आजवर काय खाल्लं मग आम्ही?''

जत्रेचं बकरं देवाच्या नावानं असतं, त्याचं वेगळं, हे माझ्या ओठावर आलेलं मी गिळलं. पण नैवेद्याचं सांगावंच लागलं. म्हटलं, काकू, देवाला दाखवलेलं तो खाणार नाही. शेंगदाणे करपायला लागले. त्यांनी गॅस बंद केला, परातीत ओतले, हातानं पसरले. म्हणाल्या, ''मग त्याचं ताट आधी काढून ठेवीन. नैवेद्य मागनं.''

सागऱ्या, सूरह लुकमानमध्ये आहे, आईबाप शिर्क, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्या कुणाची भक्ती, करायला लावत असतील तर तेवढं ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्याशी चांगलंच वागा. हजरत अस्मांची आई मुसलमान नव्हती, तिच्याशी नातं ठेवू का म्हणून त्यांनी पैगंबरांना विचारलं. 'ठेव' म्हणाले. तू दीड महिन्यात घरी दोन फोन केलेस.

निघताना काकूंनी विचारलं, ''तो पहाटं उठतो म्हणं आता? खरं काय?'' शाळेला तुला तोंडावर पाणी मारून उठवायच्या त्या. मी म्हटलं, हो, पाचला. खरं-खोटं तुलाच माहीत. त्या दारात उभ्या राहिल्या, मी बूट घालेपर्यंत.

''मग मला फोन लाव म्हणावं तवा. मी बी जागीच असते.''

तुझाच,
समीर