'जिंकलात तरच फी', पण टक्के कशाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत वकिलाच्या फीवर जो लेख आला त्यात चौकटीत मोठ्या अक्षरात छापलं होतं की केस जिंकली तरच वकिलाला पैसे, हरली तर काही नाही. वाचून घरातले सगळे म्हणाले वा, काय सोय आहे! सोय आहेच, ज्याच्या खिशात वकील लावायला पैसे नाहीत त्याला दुसरा रस्ता काय, आणि हरलं तर आपलीही मेहनत वाया हे माहीत असल्यामुळे वकीलही पडेल केस हातात घेत नाही. पण लेखात अर्धीच गोष्ट आलीय आणि उरलेल्या अर्ध्यातच खरे पैसे आहेत, म्हणून हे पत्र.

ही फी म्हणजे मिळालेल्या भरपाईतला ठरलेला वाटा, म्हणून लोक विचारतात किती टक्के. अहो, टक्के कशाचे ते आधी विचारा ना. समजा भरपाई 90 मिळाली, केसचा खर्च 30 झाला आणि वकिलाचा वाटा एक तृतीयांश ठरलाय. वाटा जर पूर्ण रकमेवर काढला तर वकिलाला 30, खर्चाचे 30, तुमच्या हातात 30. आणि आधी खर्च वजा करून मग उरलेल्या 60 वर काढला तर वकिलाला 20 आणि तुम्हाला 40. करारात टक्का तोच, भरपाई तीच, फक्त वजाबाकी आधी का नंतर एवढाच फरक. हे सही करायच्या आधी कोणी विचारत नाही, मी सुद्धा विचारलं नसतं.

दुसरं म्हणजे फी माफ झाली म्हणून खर्च माफ होत नाही. कोर्ट फी, मेडिकल रिपोर्ट, एक्स्पर्ट डॉक्टरची साक्ष, कागदपत्रांच्या कॉप्या, हे सगळं बहुतेक वेळा वकील आधी भरतो पण केस हरलात तर ते तुमच्याकडून वसूल करणार की सोडून देणार हे करारात लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि मधेच वकील बदलला तरी पहिला मोकळा सोडत नाही बरं का, केलेल्या कामाचा वाजवी मोबदला तो नंतरच्या भरपाईतून मागू शकतो.

अमेरिकेत ही पद्धत सगळ्यात जास्त चालते, साधारण 33 टक्के आणि केस सुनावणीपर्यंत गेली तर 40 पर्यंत. तिथल्या वकिलांच्या आचारसंहितेत असा करार लेखी हवा, अशिलाची सही हवी, खर्च वाटा काढायच्या आधी वजा होणार की नंतर ते स्पष्ट हवं आणि शेवटी लेखी हिशेब द्यायचा असं आहे. घटस्फोट आणि फौजदारी केसमध्ये असली फी चालतच नाही. इंग्लंडमध्ये 2013 पासून भरपाईतला वाटा घेता येतो पण शारीरिक इजेच्या दाव्यात 25 टक्क्यांच्या वर नाही, आणि पुढच्या उपचारांसाठी मिळालेल्या रकमेला तर हातच लावायचा नाही, हा नियम मला सगळ्यात आवडला.

तडजोडीचंही सांगतो. लवकर मिटवलं की वकिलाला थोड्या कामात वाटा मिळतो, तुम्हाला मात्र थांबलात तर कदाचित जास्त मिळालं असतं. सगळे वकील तसे वागतात असं अजिबात नाही, पण तडजोड घ्यायची की नाही हा निर्णय अशिलाचा असतो आणि समोरून काय ऑफर आली ते वकिलाने सांगायलाच पाहिजे.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी लेखात एका ओळीनेही आली नाही. भारतात हे चालत नाही! वकिलांसाठी नियम करणाऱ्या बार काउन्सिल ऑफ इंडियाचा 20 नंबरचा नियम सरळ सांगतो की निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे अशीच केस होती, अपघाताच्या भरपाईत टक्केवारीने फी मागणाऱ्या वकिलाने अशिलावर चेक बाउन्सची केस टाकली होती, कोर्टाने ती रद्दच केली आणि असा करार बेकायदेशीर ठरवला. तरी तोंडी 'मिळाल्यावर बघू, एवढे टक्के द्या' असं चालतंच, आणि लेखी काही नसल्यामुळे शेवटी किती कापले ते अशिलाला कळत पण नाही. अशा वकिलाची तक्रार राज्याच्या बार काउन्सिलकडे करता येते. आणि पैसेच नसतील तर 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो, स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असलं तरी, हे किती जणींना माहीत आहे?

तेव्हा ती चौकट परत छापाल तर खाली दोन ओळी वाढवा, एक खर्चाची आणि एक 20 नंबरच्या नियमाची.

आपला,
एक जुना वाचक