झेब्रा पट्टे सोडून चालणाऱ्यांचे काय?

महोदय,
चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी डिसेंबर २०२३मध्ये नागपुरात म्हणाले होते. मुद्दा रास्तच, पण मला काळजी पायी चालणाऱ्यांची वाटते.

मार्च २०१८मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी शहरात, उबरच्या चाचणीतील मोटारीने रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. ती दगावली. मोटारीच्या यंत्रणेला ती महिला पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती! पण झेब्रा पट्टे सोडूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे यंत्रणेला शिकवलेलेच नव्हते. मग समोर कधी वाहन, कधी सायकल आहे, असा घोळ यंत्रणा घालत बसली. मोटारीतली मूळची आपत्कालीन ब्रेकची सोयही बंद ठेवलेली. खटला मात्र देखरेखीला बसवलेल्या चालक महिलेवर. कंपनीवर फौजदारी गुन्हा नाही.

आमच्या लक्ष्मी रस्त्यावर तर हात दाखवत, पिशव्या सावरत, दिसेल त्या फटीतून पलीकडे जायचे असते. (पट्टे असलेच तर त्यांवर रिक्षा उभ्या.) उद्या अशा मोटारींच्या चाचणीला परवानगी द्यायचीच झाली, तर अपघाताची पूर्ण नोंद उघड करण्याची सक्ती आणि कंपनीचे दायित्व आधी कायद्यात लिहून घ्यावे.

– एक पादचारी, पुणे