वीस बोअरची दुनळी आणि दिवसभराची पायपीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या बंदुकांवरचा लेख वाचला. शहरांतल्या पिस्तुलांबद्दल लेखकाने जे लिहिलंय त्यावर मला काही म्हणायचं नाही, ती काळजी इथे राहणाऱ्या आम्हालाही आहेच. पण शिकारीच्या बंदुकीबद्दल जे दोन परिच्छेद आहेत त्यात ‘बाराहून मोठी अशी वीस बोअरची बंदूक’ असं छापलंय, ते नेमकं उलटं आहे. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरला तर ती बारा बोअर, वीस गोळ्या लागल्या तर ती वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर, वीसची साडेपंधराच्या थोडी वर.

मी मूळचा आजऱ्याकडचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे केले आणि मग नोकरीच्या निमित्ताने मिनेसोटात डलूथला आलो, तो इथलाच झालो. सप्टेंबरच्या मध्यावर रफ्ड ग्राऊसचा हंगाम सुरू झाला की मी जंगलात असतो. हा पक्षी आपल्या तित्तराच्याच कुळातला, तलंगीएवढा, अर्ध्या किलोच्या थोडा वर भरणारा. आमच्याकडे दिवसाला पाचाची मर्यादा आहे. पाच मिळालेला दिवस क्वचितच उगवतो, ते सोडा.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने तित्तर-लावरीची शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजऱ्याकडे दुनळी आता उरली असेल ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, ‘डी.बी.बी.एल.’ (दोन नळ्यांची, मागून काडतूस भरायची) अशी नोंद असलेली, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. इथलं गणित वेगळं आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर अकरा टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. शिकारी म्हणजे जंगलाचा वैरी, असा लेखाचा जो सूर आहे, त्याला मी एवढंच उत्तर देईन.

पत्राचं खरं कारण मात्र माझ्या मावसभावाचा मुलगा. तो आयोवात शिकतो. तिथल्या मक्याच्या कापलेल्या शेतांत आणि बांधावरच्या उंच गवतात फेझंट मिळतात. हा पक्षी मूळचा चीनचा, १८८०च्या दशकात ओरेगॉनमध्ये आणून सोडलेला आणि आता इथलाच होऊन बसलेला. मित्रांबरोबर गेला, नाद लागला, आणि मग फोन: “काका, दुकानदार म्हणतो बारा बोअर घे, सगळ्याला चालते. घेऊ का?”

मी त्याला आधी कायदा विचारला, आणि हे आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुलं इथे आहेत त्यांनी जरूर वाचावं. विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला इथे केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. घ्यायची सोडा, मित्राची हातात धरली तरी गुन्हा होऊ शकतो. अपवाद आहे, पण तो ठरावीक, आणि त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. म्हणजे आधी शिकारी-शिक्षणाचा वर्ग, मग परवाना, मग दुकान. दुकानातही फॉर्म भरायचा आणि पार्श्वभूमीची तपासणी व्हायची. पैसे टाकून बंदूक खांद्याला लावायची, इतकं ते सोपं नाही.

आता बंदूक. पक्ष्यांच्या या शिकारीत माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. बंदूक दोन्ही हातांत, छातीपाशी तिरकी, कारण पक्षी पायाखालून केव्हा फडफडत उठेल सांगता येत नाही. बार काढायचा क्षण येतो आणि जातो, वाहायचं मात्र दिवसभर असतं. म्हणून पहिला प्रश्न वजनाचा. बारा बोअरची नेहमीची दुनळी सात-साडेसात पौंडांची, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. वीस बोअरची बेतशीर दुनळी सहा पौंडांच्या आसपास, पावणेतीन किलो. अर्ध्या किलोचा फरक दुकानात काहीच वाटत नाही. दुपारी तीन वाजता, पडलेल्या झाडांवरून आणि दलदलीतून चालताना तो मनगटाला आणि डाव्या खांद्याला बरोबर कळतो, आणि दमलेल्या हातात बंदूक उशिरा उठते.

मग आणखी हलकी का नको? अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या पाच-साडेपाच पौंडी दुनळ्या मिळतात. पण हलकी बंदूक जास्त लाथ मारते, त्याला इलाज नाही. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावावर एक जुना ठोकताळा सांगितला जातो: छर्ऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णवपट बंदुकीचं वजन असावं. पाऊण औंसाच्या थोडे वर, म्हणजे पंचवीस ग्रॅम छर्रे असतील तर बंदूक दोन किलो चारशेची. एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम असतील तर पावणेतीन किलोची. ग्राऊसला पंचवीस ग्रॅम पुरतात, फेझंट जरा टणक, त्याला अठ्ठावीस. सहा पौंडांची वीस बोअर या हिशेबात दोन्हीकडे बसते. हिच्यात तीन इंची जबर काडतुसं भरायचा मोह ज्यांना होतो त्यांनी सरळ बारा बोअर घ्यावी आणि खांदा वाचवावा.

दुनळीच का, एका नळीची पाच बारांची अर्धस्वयंचलित का नाही, हेही त्याने विचारलं. पोरगं इंजिनीअरिंगचं आहे, तेव्हा सांगणं सोपं गेलं. एकतर दुनळीला मागे लांब यंत्र नसतं, त्यामुळे नळी तेवढीच लांब असून बंदूक आखूड, झाडीत अडकत नाही. दुसरं, दोन नळ्यांच्या तोंडांचा आवळ, म्हणजे तोंडाशी नळी किती निमुळती ते, वेगवेगळा ठेवता येतो: जवळच्या पक्ष्याला मोकळी, निसटून चाललेल्या पक्ष्याला आवळलेली. दोन चाप असले की कुठली नळी हवी ते बोटावर. नवशिके दोन चापांना उगाच घाबरतात. त्यांत बिघडायला कमी असतं आणि किंमतही कमी पडते. आणि मुख्य म्हणजे बंदूक बिजागरीत वाकवून, उघडी हातावर टाकली की चार हातांवरच्या माणसाला दिसतं, रिकामी आहे. कुंपण ओलांडताना मला दुसरी कुठली बंदूक शेजारी नको असते.

स्वस्तातल्या दुनळ्या आता बहुतेक तुर्कस्तानातून येतात. कोन्या प्रांतात हुगलू म्हणून गाव आहे, तिथे १९६२ पासून बंदूक बनवणाऱ्यांची सहकारी संस्था चालते. (सहकार म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांचे कान टवकारणारच.) सीझेड कंपनीच्या नावाने इथे विकली गेलेली बॉबव्हाइट तिथली. ब्राझीलमध्ये बनणारी स्टोगर अपलँडरही याच रांगेतली. नळ्या एकावर एक असलेली हवी असेल तर स्टीव्हन्स ५५५ बघावी. हजार डॉलरच्या आतबाहेर काम होतं. लाकूड साधं, नक्षी यंत्राची, चाप थोडे जड. इटालियन आणि इंग्लिश दुनळ्यांशी तुलना करू नये. त्या मोटारीच्या भावाने विकल्या जातात आणि काटेरी झुडपात घालायला जीव धजत नाही.

माझं स्वतःचं मत मात्र जुनी बघून घ्यावी असं आहे. लेथवाल्याला धातू हातात घेतल्यावर जे कळतं ते जाहिरातीतून कळत नाही. पुढचं लाकूड काढावं, नळ्या पुन्हा जोडून बंद कराव्या आणि दस्ता धरून हलवावं. बिजागरीत खुळखुळ जाणवली तर ठेवून द्यावी. बंद बंदूक दिव्यासमोर धरावी. नळ्यांचं बूड आणि सांगाडा यांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. बंदूक उघडायची वरची कळ बंद असताना मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे असेल तर बंदुकीत आयुष्य आहे. डावीकडे गेलेली असेल तर बरंच वापरून झालंय. मग नळ्या सुट्या करून बोटावर टांगाव्या आणि नखाने टिचकी मारावी, बाजारात मडकं वाजवून घेतात तशी. खणखणीत वाजल्या तर ठीक, बद्द आवाज आला तर मधल्या पट्टीचं डाख सुटलंय. शेवटी आतून छताच्या दिव्याकडे बघावं: उजेडाची वर्तुळं नीट एकात एक दिसली पाहिजेत, कुठे मोडलेलं वर्तुळ दिसलं तर तिथे पोचा आहे. फार जुन्या दुनळ्यांची काडतुसाची खोली आजच्या पावणेतीन इंची काडतुसाला अपुरी असते. दमास्कस पोलादाच्या नागमोडी नक्षीच्या नळ्या तर भिंतीवरच शोभतात. पोलादी छर्रेसुद्धा जुन्या आवळ नळ्यांत घालू नयेत, आणि केंद्र सरकारच्या पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. तेव्हा आपण कुठे चालणार हे आधी ठरवावं.

अंगाला बसते का, हे बघायला पैसे लागत नाहीत. रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नजर नळ्यांमधल्या पट्टीवरून सरळ पुढच्या टोकाच्या, नेम धरायच्या मण्यावर गेली पाहिजे. माझी उंची पाच फूट चार इंच, इथल्या दुकानांतले दस्ते सहा फुटी माणसांसाठी कापलेले. माझ्या दुनळीचा दस्ता मी मागून पाऊण इंच कापला आणि रबरी गादी परत बसवली. दुकानातला माणूस हळहळला, म्हणाला विकताना किंमत उतरेल. विकायची कुणाला आहे!

एक गोष्ट मात्र पोराला दोनदा सांगितली. वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात ती हौसेने नव्हे. वीसचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये टाकलं तर ते आत घसरून नळीत पुढे अडकतं, नळी मागून रिकामी दिसते, आणि त्यावर बाराचं काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते, डाव्या हाताच्या बोटांसकट. मित्राची बारा आणि आपली वीस एकाच गाडीत असतील तर काडतुसं एका पिशवीत ठेवू नयेत आणि एकाच जाकिटाच्या खिशात तर अजिबात नाही.

त्याने परवाना काढला आणि मागच्या महिन्यात नळ्या शेजारीशेजारी असलेली, वापरलेली वीस बोअर दुनळी घेतली, सहा पौंड दोन औंस. घेण्याआधी दुकानातल्या काट्यावर ठेवून मला फोटो पाठवला होता. आता विचारतोय, काका, कुत्रं कुठलं घेऊ. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, छापणार असाल तर.

आपला,
एक वाचक
डलूथ, मिनेसोटा (मूळ गाव ता. आजरा, जि. कोल्हापूर)