पाणी किती फुटांवर लागतं?

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं बोअरच पाडता म्हणं, मग पाणी किती फुटांवर लागतं?" आणि तेवढ्यात रेंज गेली. त्याचं उत्तर लांबडं आहे, म्हणून लिहायलाच बसले. आईला वाचून दाखवा. फक्त युरेनियमचं नाव आलं की मध्येच थांबू नका, नाहीतर ती रात्रभर जागी राहील.

आमचा खनिजं शोधायचा तळ ऑस्ट्रेलियात, ॲलिस स्प्रिंग्जच्या उत्तरेला, आत रानात आहे. लाल वाळू, काटेरी गवताचे पुंजके, मधूनच खुरटी झाडं. आपल्या माण तालुक्याचा माळ लाल रंगानं सारवला तर असा दिसेल. सध्या इथं थंडी आहे, पहाटे बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. गंमत म्हणजे इथल्या कितीतरी जागांना गुरांसाठी पाडलेल्या बोअरचीच नावं आहेत. नोलन्स बोअर ही त्यातलीच एक. तिथं 1995 साली युरेनियम शोधणाऱ्या लोकांना दुर्मीळ मृदा खनिजांचा मोठा साठा सापडला, आणि त्या दगडात थोरियम-युरेनियमही आहे. ही मंडळी बऱ्याचदा एकत्रच नांदतात. विमान कमी उंचीवरून फिरवून आधी किरणं मोजतात, पण ती फक्त वरच्या हातभर मातीतलीच कळतात. खालचं बघायचं तर भोक पाडायलाच हवं.

'दुर्मीळ' हे नाव मात्र फसवं आहे. ही 17 मूलद्रव्यं आहेत आणि त्यातलं सेरियम जमिनीत जवळपास तांब्याइतकं आहे. खरी मारामार आहे ती एका जागी गोळा झालेलं सापडण्याची आणि एकमेकांपासून सोडवण्याची. ते सोडवण्याचं काम बहुतेक चीनच्या हातात आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये चीननं यातल्या काही मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्बंध घातले तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांच्या कारखान्यांनाही चुंबकांची चणचण भासली. दादाच्या ई-स्कूटरची मोटर फिरते ती अशाच चुंबकावर.

आता आईसाठी. माझ्या छातीवर किरणं मोजणारा बिल्ला असतो, धुळीत मास्क असतो. आणि वहिनीनं हौसेनं बसवलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्यात आपल्या घराच्या काळ्या पाषाणापेक्षा जास्त युरेनियम असतं. म्हणून ओटा फोडू नका, स्वयंपाक बिनघोर करा.

बोअरची गाडी बघाल तर लगेच ओळखाल. आपल्याकडं तमिळनाडूतून येते तीच जात, तोच कॉम्प्रेसर, तोच हॅमर. आपल्याकडं धूळ भोकाच्या कडेनं उसळते आणि निम्मी वस्ती पांढरी होते. इथं रॉड दुहेरी असतो. हवा बाहेरच्या पोकळीतून खाली जाते आणि चुरा आतल्या नळीतून वर येतो, म्हणजे वाटेतली माती त्यात मिसळत नाही. दर मीटरचा चुरा वेगळ्या पिशवीत. मी त्यातला मूठभर चाळणीत धुते, बघते, आणि वीस खणांच्या डबीत ओळीनं भरते.

भोकाच्या जागा आधी इथल्या मूळ रहिवाशांतले जाणते येऊन बघून जातात. एका झाडांच्या पुंजक्याजवळ त्यांनी मान हलवली, आम्ही दोन भोकं सरकवली. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. इथं अशा पवित्र जागा राखायचा 1989 चा कायदाच आहे. आपल्या देवराईतून रस्ता काढायला निघालेल्यांना इथं आणून उभं करावं असं वाटलं.

तर पाणी. गेल्या मंगळवारी 74 मीटरवर, म्हणजे अडीचशे फुटांच्या आतच, चुरा ओला झाला. ड्रिलरनं कचकचीत शिवी हासडली. ओला चुरा नळीत चिकटतो, वरचं खालचं एक होतं, नमुना वाया जातो. सगळे वैतागले. मी मात्र तिथंच उभी राहिले. 2013 चा आपला दुसरा बोअर आठवला. मुरूम गेला, मांजऱ्या गेला, काळा पाषाण लागला आणि तीनशे फुटांवरही धूळच. पाणाड्याच्या तळहातावर नारळ त्या जागी चांगला ताठ उभा राहिला होता. आई फोडायचा नारळ हातात घेऊन बसली होती, आणि तुम्ही दर रॉडला धूळ चिमटीत धरून चोळत होतात. मीही आता तसंच चोळते. साहेब म्हणतात, ही सवय कुठून लागली?

त्या ओल्या चुऱ्याचं पाणी मी बोटावर घेऊन जिभेला लावलं. (ही ओळ आईला वाचू नका.) मचूळ होतं. मग वहीत 'ओलं' अशी नोंद केली, दुपारी भोकात बूच बसवलं, वरून माती लोटली आणि गाडी पुढच्या खुणेवर गेली.

उरमोडी धरणाचं पाणी यंदा सुटलं का? आणि टँकर एक दिवसाआड येतो की दोन, ते आईला विचारून कळवा. तुम्ही 'बरं चाललंय' म्हणता.

तुमची,
धाकटी