अमेरिकन कादंबरी : अभ्यासक्रमात आहे, हातात नाही

मा. संपादक,
स. न.

शेतकरी-कामगारांच्या मुलांना एम.ए.च्या वर्गात अमेरिकन कादंबऱ्या कशासाठी शिकवायच्या, असा प्रश्न आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झालेल्या पत्रात एका वाचकाने विचारला आहे; हा पेपर काढून टाकावा आणि मराठी साहित्य आधी वाचावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षे इंग्रजी शिकवत असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे; परंतु त्याआधी एक कबुली द्यायला हवी. आमचे विद्यार्थी अमेरिकन कादंबऱ्या वाचतच नाहीत, ते त्यांचे गाईड वाचतात. पत्रलेखकाची अर्धी चिंता त्यामुळे अनाठायी ठरते, आणि उरलेली अर्धी भलत्याच ठिकाणी खर्च झाली आहे.

आमच्याकडे या विषयाचा पेपर चार क्रेडिटचा, म्हणजे साठ तासांचा आहे. त्यात चार कादंबऱ्या, एक नाटक आणि काही कविता बसवलेल्या आहेत. ग्रंथालयात प्रत्येक कादंबरीची एकेक प्रत, आणि कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गाईडांची चळत. प्रश्नपत्रिकेत दरवर्षी ‘अमुक कादंबरीतील वर्णभेदाचे चित्रण स्पष्ट करा’ अशा धर्तीचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर लिहिण्यासाठी कादंबरी उघडण्याची काहीही गरज पडत नाही. एके वर्षी गाईडमध्ये नायिकेच्या नावातले एक अक्षर छपाईत गळाले होते. माझ्याकडे तपासायला आलेल्या चाळीसेक उत्तरपत्रिकांतून ते तसेच गळालेले आढळले. मी त्यांना गुण दिले. न देऊन करतो काय? प्रश्नच असा होता की उत्तर ‘बरोबर’ होते.

‘मुलांना त्या साहित्याशी काय देणेघेणे’ या मुद्द्यावर मात्र वर्गात जे घडते ते सांगितले पाहिजे. झुंपा लाहिरी यांच्या ज्या कथासंग्रहाला 2000 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्यातल्या पहिल्या कथेत बोस्टनजवळ राहणाऱ्या एका बंगाली जोडप्याला वीज कंपनीची सूचना येते : पाच दिवस रोज रात्री आठ वाजता एक तास वीज बंद राहील. हे वाचून दाखवताच वर्गात हशा पिकला. ‘सर, एक तासासाठी नोटीस?’ असे एकाने विचारले, आणि त्याचे वडील शेतीपंपाला रात्री लाईट येते म्हणून कडाक्याच्या थंडीत दारे धरायला जातात हे मला ठाऊक होते. पण तीन पानांनंतर हसू थांबले. मूल मृत जन्मल्यापासून एकमेकांशी धड न बोलणारे हे दोघे त्या अंधारात रोज एकेक लपवलेली गोष्ट सांगू लागतात, आणि पाचव्या रात्री, दुरुस्ती आधीच उरकल्यामुळे, वीज जातच नाही. आता उजेडात बोलावे लागणार. हा पेच समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही. अंधार म्हणजे काय हे त्या वर्गाला माझ्यापेक्षा अधिक कळत होते.

टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’चा अनुभव याहून वेगळा आहे. कादंबरी 1987 ची. तिला ‘समकालीन’ म्हणायला आज जरा जड जाते, पण आमच्या अभ्यासक्रमातली ही सर्वांत अलीकडची कादंबरी. केंटकीतून पळून, गोठलेली ओहायो नदी ओलांडून आलेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने 1856 मध्ये, पाठलाग करणारे दारात येताच, आपली मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिला ठार केले; या घटनेतून ही कादंबरी सुचलेली आहे. तिची सुरुवात होते एका घराच्या क्रमांकाने, 124. या आकड्यात तीन का नाही, हे एकदा फळ्यावर विचारून पाहावे. नायिकेला चार मुले, आणि त्यांतले तिसरे तेच, जे तिने मारले. गाईडमध्ये हा आकडा ‘घराचा पत्ता’ म्हणून एका ओळीत उरकलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने त्याच पहिल्या पानावरच्या एका सनाकडे बोट दाखवले. कादंबरीतला वर्तमानकाळ 1873 चा आहे, आणि जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली तीही 1873 सालीच. गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आम्हा सर्वांना पाठ आहे. पण इकडे ती अर्पणपत्रिका छापली जात असताना तिकडे सुटका झालेल्यांच्या घरात काय चालले होते, कायद्याने गुलामी संपून आठ वर्षे झाली तरी ती घराच्या भिंतींतून कशी बाहेर पडत नव्हती, ते ही कादंबरी सांगते. जोतीरावांनी ही कादंबरी वाचली असती तर अर्पणपत्रिका बदलली असती का, असे त्या मुलीने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. हा प्रश्न कोणत्याही ‘अपेक्षित प्रश्नसंचा’त नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

तेव्हा पत्रलेखक म्हणतात म्हणून हा पेपर काढून टाकू नये. तो नव्याने मांडावा. माझ्या मते चारांऐवजी दोनच कादंबऱ्या ठेवाव्यात, आणि त्यातली एक गेल्या दहा वर्षांतली असावी. उदाहरणार्थ, पर्सिव्हल एव्हरेट यांची 2024 ची ‘जेम्स’. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’ या जुन्या कादंबरीतल्या जिम या गुलामाने स्वतः सांगितलेली ही गोष्ट आहे. त्यात गुलाम आपापसात चांगली, घोटीव इंग्रजी बोलतात आणि मालक दिसला की मुद्दाम मोडकीतोडकी; किंबहुना मोडके कसे बोलायचे याचे धडे हा जिम, म्हणजेच जेम्स, मुलांना देतो. घरी एक आणि वर्गात दुसरी मराठी बोलणाऱ्या, आणि बोलीतला शब्द तोंडून निसटला की ओशाळणाऱ्या मुलांपुढे हे पुस्तक ठेवून पाहायला मला फार आवडेल.

त्याहून महत्त्वाची आहे प्रश्नपत्रिका. कादंबरीतले एक पान जसेच्या तसे छापावे, आधी कुठेही जाहीर न केलेले, आणि त्यावरच लिहायला सांगावे. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा दिली तरी हरकत नाही. ज्याने वाचलेले नाही त्याला तीन तासांत त्यात काही सापडत नाही. दोनच कादंबऱ्या असल्या तर ग्रंथालयाला त्यांच्या वीस-वीस प्रती घेणे परवडेल. तपासणीला वेळ अधिक लागेल, आणि अभ्यास मंडळातील माझे काही स्नेही नेमक्या याच कारणासाठी विरोध करतील. त्यांची अडचण खोटी नाही. रिक्त जागांमुळे आमच्यासारख्या विभागात एकेका शिक्षकावर दोघांचे काम पडते.

मराठी साहित्य आधी वाचावे, हे पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु गाईडांचा रोग मराठीच्या पेपरलाही तेवढाच जडलेला आहे, याची त्यांनी कृपया चौकशी करावी.

1873 चा प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी आता एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. आमच्या ग्रंथालयातली ‘बिलव्हेड’ची एकुलती प्रत माजी विद्यार्थिनी म्हणून तिने गेल्या महिन्यात पुन्हा नेली आहे. यंदाच्या वर्गाला मी पहिले प्रकरण झेरॉक्स करून दिले आहे.

आपला,
इंग्रजीचा एक प्राध्यापक